कॅव्हर्न डायव्हिंगचे नियम आले कुठून?

थायलंडच्या थाम लुआंग गुहेत २०१८ ला फुटबॉलची पोरं अडकली तेव्हा आपल्याकडं बऱ्याच जणांनी केव्ह डायव्हिंग, म्हणजे पाण्यानं भरलेल्या गुहेत बुडी मारणं, हा शब्द पहिल्यांदा ऐकला, पाणी उपसायच्या कामात आपल्या किर्लोस्कर ब्रदर्सची माणसंही मदतीला गेली होती. पोरांना शोधलं ते ब्रिटिश डायव्हर्सनी, आणि इंग्लंडमध्ये हे काम १९३५ पासून चाललंय, वूकी होल गुहेत जड हेल्मेट घालून, वरून पंपानं हवा घेत लोक उतरले होते तेव्हापासून.

पण आज कॅव्हर्न डायव्हिंगच्या, म्हणजे गुहेच्या तोंडाजवळच्या उजेडातल्या डायव्हिंगच्या, कोर्समध्ये जे शिकवतात ते बरंचसं फ्लोरिडात घडलंय. तिथले झरे काचेसारखे स्वच्छ, त्यात १९६० नंतर स्कूबाचं, म्हणजे पाठीवरच्या सिलिंडरमधून पाण्याखाली श्वास घ्यायचं, सामान सहज मिळायला लागलं, मग काय, समुद्रात शिकलेले लोक थेट गुहेत शिरायला लागले. आत जाताना सगळं लख्ख दिसतं हो, पण तळाला बारीक गाळ असतो, पायातली फिन (पोहायचा पंखा) एकदा चुकीची हलली की तो उठतो आणि स्वतःचा हातसुद्धा दिसत नाही, वर जावं तर डोक्यावर दगड. चांगले पोहणारे, अगदी इन्स्ट्रक्टरसुद्धा असेच मेले.

शेक एक्सली हा तिथलाच डायव्हर, पेशानं गणिताचा शिक्षक. प्रत्येक अपघातात नेमकं काय चुकलं हे त्यानं चिकाटीनं तपासलं आणि १९७९ ला एका छोट्या पुस्तकात मांडलं. तीन गोष्टी परत परत सापडायच्या: बाहेरपर्यंत सलग दोरी नाही, परतीपुरती हवा राखली नाही, झेपणार नाही इतकं खोल गेले. ट्रेनिंग आणि प्रत्येकाकडं तीन टॉर्च हे पुढं त्यातच जोडलं गेलं.

हवेचा तिसऱ्या हिश्श्याचा नियम तर मला फार आवडतो. सिलिंडरमध्ये २१० बार (हवेच्या दाबाचं माप) असतील तर ७० वापरले की, म्हणजे १४० ला, मागं फिरायचंच. कारण सगळ्यात आतल्या टोकाला जोडीदाराची हवा बंद पडली तर तुमच्या त्या १४० मध्ये दोघांना बाहेर यायचंय.

कॅव्हर्न म्हणजे गुहेचा तोंडाजवळचा भाग, जिथून बाहेरचा उजेड दिसत राहतो. पाडी (PADI) या डायव्हिंग शिकवणाऱ्या संस्थेच्या कोर्समध्ये खोली आणि आतलं अंतर मिळून पृष्ठभागापासून ४० मीटरच्या पुढं जायचं नाही. तारकर्लीला ओपन वॉटर, म्हणजे स्कूबाचा पहिला कोर्स, केलेल्यांना हे फारच कमी वाटेल, पण ते कार्ड गुहेसाठी नाहीच.

उजेड संपतो तिथं फ्लोरिडात बोर्ड लावलेत, त्यावर हातात कोयता घेतलेल्या मृत्यूचं चित्र आणि मजकूर असा, की ३०० हून जास्त डायव्हर्स अशाच गुहांत मेलेत, इन्स्ट्रक्टरसुद्धा. तिथल्याच जिनी स्प्रिंग्ज या झऱ्याच्या बॉलरूम नावाच्या कॅव्हर्नमध्ये तर पुढची वाट लोखंडी जाळीनंच बंद केलीय. जाळीला धरून थांबलं की आतून येणारं पाणी जोरात तोंडावर आदळतं आणि मागं वळून बघितलं तर दाराशी निळा उजेड दिसत असतो.