इंदूर पद्धतीचं खत आणि माळव्याची मातीची घरं

सांवेर, देपालपूर, महू या बाजूला वाडवडिलांचं घर असलेली इंदूरची मराठी कुटुंबं आता ते विकण्याऐवजी दुरुस्त करण्याचा विचार करू लागली आहेत. कवेलू बदलायची, भिंती पुन्हा लिंपायच्या, परसात वाफे काढायचे. अनेकांना ही शहरी हौस वाटते. पण तिची पाळंमुळं शंभर वर्षांपूर्वीच्या होळकरी इंदुरातच आहेत.

१९१७च्या सुमारास दरबाराने स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांना बोलावलं, तेव्हा शहर प्लेगने गांजलं होतं. जुनी वस्ती पाडून रुंद रस्ते काढायचे, ही तेव्हाची रीत. गेडिस गल्लीबोळांतून पायी हिंडले आणि त्यांनी उलटा सल्ला दिला: मोडकळीला आलेलं तेवढं काढा, उरलेलं नीट करा, मोकळ्या जागेत झाडं लावा. दिवाळीची मिरवणूक कुठून जाणार? जिथली घरं सर्वांत स्वच्छ आणि डागडुजी केलेली असतील तिथून, असं त्यांनी जाहीर केलं. लोकांनी लगेच घरं झाडायला, सावरायला घेतली! १९१८मध्ये त्यांचा दोन खंडांतला अहवाल निघाला.

मला त्याहून मोलाचं वाटतं ते पुढचं काम. १९२४मध्ये ब्रिटिश कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी दरबाराने दिलेल्या सुमारे ३०० एकरांवर कृषिसंशोधन संस्था सुरू केली. विषय कापसाचा होता, पण त्यांचं लक्ष मातीकडे गेलं. शेण गोवऱ्यांत जळायचं, काडीकचरा वाया जायचा. हॉवर्ड यांनी शेतकऱ्याच्या हाताशी असलेल्याच वस्तू घेतल्या: पाला, शेण, राख आणि गोठ्यातली मुतेरी माती. पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची वाळकी झाडं, कठीण, लवकर कुजत नाहीत. म्हणून त्या गाडीवाटेवर पसरून बैलगाड्यांच्या चाकांखाली चेचून घेतल्या. ढिगात हवा खेळती राहावी म्हणून तीन वेळा उलथापालथ करायची, की साधारण तीन महिन्यांत खत तयार. यशवंत वाड या सहकाऱ्यासह १९३१मध्ये त्यांनी यावर पुस्तक लिहिलं आणि ‘इंदूर पद्धत’ जगभरच्या मळ्यांत पोचली. आज आपण घरामागे लावतो तो ढीग याच कुळातला. आपल्या गावाचं नाव लागलेली ही विद्या आपल्याच मुलांना शाळेत कुणी सांगत नाही, याची मला फार खंत वाटते.

घर बांधण्याचं ज्ञानही तसंच जवळचं. इंदुरातल्या होळकरांच्या राजवाड्याचे खालचे तीन मजले दगडी, वरचे लाकडी. १९८४च्या आगीनंतर त्याची पुन्हा उभारणी झाली आणि दुरुस्तीत चुन्याबरोबर गूळ, मेथी, उडीद, बेल ही जुनी सामग्री परतली. गावाकडच्या घराला एवढा थाट नको, पण सिमेंटचा गिलावा मात्र कटाक्षाने टाळावा. मातीच्या भिंतीतली ओल त्यामागे अडकते आणि भिंत आतून भुसभुशीत होते. पडलेल्या भिंतीची माती फेकूही नये. ती भिजवून, भुसा घालून तुडवली की पुन्हा त्याच भिंतीला लागते.