चाळीस किलोमीटरपासून दहापर्यंत : भारत-म्यानमार सीमेवरची मुक्त ये-जा

अरुणाचल, नागालँड, मणिपूर आणि मिझोरामला लागून म्यानमारची १,६४३ किलोमीटरची सीमा आहे. ती १० मार्च १९६७ च्या भारत-ब्रह्मदेश कराराने नक्की झाली. नागा, कुकी, मिझो-चिन यांची सोयरीक आणि शेतं त्याच्या कितीतरी आधीपासून दोन्हीकडे आहेत. नागालँडच्या मोन जिल्ह्यात, लोंगवा गावात, रेषा कोन्याक अंघाच्या (वंशपरंपरागत प्रमुखाच्या) घरातूनच जाते.

दिल्लीला याची जाण होती. १९५० च्या नियमांनी डोंगरी जमातींना पासपोर्ट-व्हिसाशिवाय सीमेपासून ४० किलोमीटरपर्यंत ये-जा करण्याची मुभा दिली. नागा आणि मिझो बंडखोरी पेटल्यावर १९६८ मध्ये परवाना आला. २००४ मध्ये मर्यादा १६ किलोमीटर झाली आणि अधिकृत वाटा उरल्या तीनच : पांगसाऊ (अरुणाचल), मोरे (मणिपूर) आणि झोखावथार (मिझोराम). आडवाटांनी जाणं अर्थातच थांबलं नाही.

खरी ठिणगी पडली ती म्यानमारमधल्या फेब्रुवारी २०२१ च्या लष्करी उठावानंतर. तिआऊ नदी ओलांडून चिन निर्वासित मिझोराममध्ये आले. निर्वासितांचा दर्जा देण्याचा अधिकार राज्यांना नाही, असं गृहमंत्रालयाने मार्चमध्ये कळवलं. मिझोरामचे तेव्हाचे मुख्यमंत्री झोरामथांगा यांनी पंतप्रधानांना पत्र लिहून निर्वासितांना परत पाठवण्यास असमर्थता दाखवली. निर्वासितांची सोय गावसमित्या, चर्च आणि यंग मिझो असोसिएशनने केली. मणिपूरमध्ये सूर उलटा होता. मे २०२३ च्या मैतेई-कुकी हिंसाचारानंतर मैतेईबहुल इंफाळ खोऱ्यातून सीमा बंद करण्याची मागणी वाढली.

फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राने पूर्ण कुंपण आणि मुक्त ये-जा रद्द करण्याची घोषणा केली. त्याला मिझोराम आणि नागालँड या दोन्ही विधानसभांनी ठराव करून विरोध केला. डिसेंबरमध्ये प्रत्यक्षात आली ती कडक केलेली जुनीच व्यवस्था : मर्यादा १० किलोमीटर, पास सात दिवसांचा. ठरलेल्या नाक्यावर आसाम रायफल्स कागद तपासतात, बोटांचे ठसे घेतात, क्यूआर कोडचा पास देतात आणि परतताना त्याच नाक्यावर तो जमा करावा लागतो.

अडचण इथेच आहे. पास पाहुण्यासाठी आखलेला, तर लोंगवाच्या शेतकऱ्याचं जाणं-येणं रोजचं. शिवाय रहिवासाचा दाखला देणाऱ्यांत पोलीस ठाण्याबरोबर गावप्रमुखही आहे. म्हणजे ज्यांचा कुंपणाला विरोध, त्यांच्याच सहीवर केंद्राची तपासणी उभी आहे.