परवानगीचा कागद आणि आवाजाची मर्यादा

गोदाकाठच्या आमच्या तालुक्याच्या गावात गल्लीच्या तोंडाशी मोकळी जागा आहे. लग्नसराईत तिथं मांडव पडला की दिवेलागणीपासून डीजेच्या आवाजानं आमच्या फडताळातले स्टीलचे डबे किणकिणायला लागतात. गेल्या उन्हाळ्यात सांगायला गेलो, तर नवरदेवाच्या मामानं खिशातून घडी घातलेला कागद काढला. "परमिशन हाय की, सर. दहाच्या आत बंद करूत."

कागद खरा होता. पण तो वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर होता.

परवानगी एवढंच सांगते की भोंगा लावायचा का, कुठं आणि किती वाजेपर्यंत. ध्वनिप्रदूषण नियम, 2000 प्रमाणे ती लेखीच लागते. छत्रपती संभाजीनगरसारख्या आयुक्तालय असलेल्या शहरात ती पोलीस आयुक्तांकडून मिळते. आपल्याकडं जिल्हाधिकारी किंवा डीवायएसपी, म्हणजे पोलीस उपअधीक्षक, यापेक्षा खालचा नसलेला अधिकारी ती देतो. रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर वाद्य बंद. भोंगाच नव्हे, हलगीसुद्धा.

किती जोरात, हे मर्यादा ठरवते, आणि ती कुणाच्या सहीनं वाढत नाही. निवासी भागात दिवसा 55 डेसिबल, रात्री 45. सार्वजनिक जागी भोंगा असेल तर जागेच्या हद्दीवर त्याहून 10 जास्त चालतात, पण 75 च्या वर कुठंच नाही. म्हणजे आमच्या गल्लीत संध्याकाळी आठलाही 65. पंगतीतल्या मोठ्या आवाजातल्या गप्पा साधारण तेवढ्याच होतात! डेसिबल साध्या बेरजेनं वाढत नाही: 10 वाढले की ध्वनीची ऊर्जा दहापट. 85 वर गेलेला डीजे 65 च्या शंभरपट झाला.

सगळ्यात मोठा घोळ दहाऐवजी रात्री बारापर्यंतच्या सवलतीचा. सण-उत्सवांसाठी वर्षातून जास्तीत जास्त 15 दिवस ती देता येते. लोक तिला मोकळं रान समजतात. सवलत फक्त घड्याळाला आहे. दहानंतर रात्रीचा आकडा लागू होतो, म्हणजे हद्दीवर 55. मिरवणूक जितकी लांबेल तितका आवाज खाली यायला हवा. माझ्या पाहण्यात तरी नेमकं उलटं होतं.

मामांना हे सगळं समजावून सांगितलं. भला माणूस, ऐकून घेतलं. मग कागदाची घडी घालत म्हणाले, "बरोबर हाय, सर. पण मोजायचं कुणी?"

मी 112 लावला. पलीकडून पहिला प्रश्न आला, "त्यांच्याकडं परवानगी आहे का?"