पायचं पीठ तिंबू नका

नोव्हेंबरचा चौथा गुरुवार जवळ आला की अमेरिकेत थँक्सगिव्हिंग या सणासाठी घरोघरी ॲपल पाय आणि पम्पकिन पाय (‘पाय’ म्हणजे मैद्याच्या पारीत सारण भरून ओव्हनमध्ये भाजायचा पदार्थ) भाजले जातात. तिथल्या मराठी घरांतही थँक्सगिव्हिंगला पाय होतो आणि ‘पारी चामट झाली’ अशी तक्रारही ऐकू येते. बोल मात्र ओव्हनला नाहीतर मैद्याला लागतो. बहुतेक वेळा चूक वेगळीच असते: पोळीची कणीक तिंबावी तसं पायचं पीठ तिंबलेलं असतं.

गव्हात ग्लायाडिन आणि ग्लुटेनिन ही प्रथिनं असतात. पाणी मिळालं की ती एकमेकांत गुंतून ग्लुटेन हे चिवट जाळं बनतं. ग्लुटेनिनच्या साखळ्या गंधकाच्या अणूंमधल्या डायसल्फाइड बंधांनी सांधलेल्या असतात. मळताना त्यातले काही बंध तुटतात, नव्या जोड्या जुळतात आणि जाळं बळकट होत जातं. पोळीला ते हवंच, पायला जेमतेम पुरे. स्निग्ध पदार्थ मैद्याच्या कणांवर बसला की पाणी प्रथिनांपर्यंत सहज पोचत नाही. करंजीत कडकडीत मोहन घालतो ते यासाठीच.

मोहनानं खुसखुशीतपणा येतो, पण पायचे पापुद्रे सुटतात ते वाफेमुळे, आणि मला सगळ्यात आवडतो तो हाच भाग. फ्रीजमधलं गार बटर वाटाण्याएवढे तुकडे शिल्लक राहतील इतपतच मैद्यात चोळायचं. लाटताना हे तुकडे चपटे होऊन पिठाच्या थरांमध्ये पसरतात. तापलेल्या ओव्हनमध्ये, साधारण २२० अंश सेल्सिअसला, बटर वितळतं आणि त्याच्या जागी फट राहते. बटरमध्ये सुमारे १६ टक्के पाणी असतं. १०० अंशांच्या वाफेला मूळ पाण्याच्या सुमारे १,६०० पट जागा लागते. म्हणजे १०० ग्रॅम बटरमधल्या पाण्याची वाफ २६-२७ लिटर! बरीचशी निसटून जाते, पण जाताजाता थर उचलते. तेवढ्यात पीठ शिजून घट्ट होतं आणि थर सुटे राहतात. ओव्हन पुरेसा तापलेला नसेल, तर वाफ धरायच्या आतच बटर वाहून जातं. हाताच्या उबेनंही ते मऊ पडतं, म्हणून लाटण्याआधी गोळा अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवावा.

तुपात पाणी जवळजवळ नसतंच. मग चिरोट्याचे थर कसे सुटतात? त्यातला तूप-पिठाचा साटा थरांना एकमेकांना चिकटू देत नाही. तळताना थर फुलवणारी वाफ पिठातल्याच पाण्याची असते.

पम्पकिन पायचा तळ गिच्च राहतो, कारण सारण ओलं असतं. ओलावा आहे तोवर पारी १०० अंशांच्या फार वर जात नाही आणि तांबूस रंग यायला त्याहून बरीच जास्त उष्णता लागते. म्हणून रिकाम्या पारीवर बटर पेपर घालावा, तो कोरड्या राजम्यानं भरून पारी आधी भाजून घ्यावी आणि सारण मग ओतावं.