छातीत पू झाला म्हणजे नेमकं काय होतं?

‘छातीत पाणी झालंय’ हे वाक्य मिरजेतल्या दवाखान्यांबाहेरच्या चहाच्या टपऱ्यांवर इतक्यांदा ऐकू येतं की तेच एखाद्या आजाराचं नाव वाटावं. तसं ते नाही. हृदय थकलं तरी छातीत पाणी होतं, किडनी किंवा लिव्हर बिघडलं तरी होतं, क्षयामुळे होतं, कॅन्सरमुळे होतं आणि न्यूमोनियामुळेही होतं. न्यूमोनियाच्या पाण्यात जंतू शिरले आणि त्याचा पू झाला, की डॉक्टर त्याला एम्पायमा म्हणतात. या दुखण्यात रोग कोणता, याइतकंच आज त्याचा कितवा दिवस आहे हे महत्त्वाचं असतं.

समजा, तासगावकडचे पंचावन्न वर्षांचे एक द्राक्षबागायतदार आहेत. मधुमेह आहे, गोळ्या कधी घेतात कधी राहतात. ऑक्टोबर छाटणीचे दिवस, वर अवकाळी पाऊस. थंडी वाजून ताप आला, खोकला झाला, गावातच दोन सलाइनी आणि गोळ्या झाल्या. ताप उतरला. चार दिवसांनी पुन्हा चढला, आणि आता श्वास खोल घेतला की उजव्या कुशीत सुरी खुपसल्यागत कळ येऊ लागली. बागेत माणसं लागलेली, म्हणून ‘छाटणी उरकली की जाऊ’ असं ठरलं.

ती कळ कुठून येते बघा. फुप्फुसाला बाहेरून चिकटलेलं एक पातळ आवरण असतं आणि बरगड्यांच्या आतल्या अंगाला दुसरं. दोन्हींच्या मध्ये जागा अशी नसतेच, वीसएक मिलिलिटर द्रव काय तो असतो, श्वासागणिक आवरणं एकमेकांवरून सरकावीत म्हणून. आतल्या आवरणाला वेदना कळत नाही, बाहेरच्याला फार कळते. बाहेरचं सुजलं की प्रत्येक श्वास दुखतो. डायाफ्रामवरचा, म्हणजे छाती आणि पोटाच्या मधल्या पडद्यावरचा, भाग सुजला तर दुखणं पोटात किंवा खांद्यात जाणवतं आणि माणूस ‘पित्त झालंय’ म्हणत बसतो. त्याहून फसवी गोष्ट पुढची आहे. मध्ये पाणी साचलं की दोन्ही आवरणं एकमेकांपासून लांब जातात, घासणं थांबतं आणि दुखणं कमी होतं. घरच्यांना वाटतं उतार पडला. प्रत्यक्षात पाणी वाढलेलं असतं. म्हणून कळ गेली पण ताप आणि धाप राहिली, भूक मेली, अंगावरचं मांस झडायला लागलं, तर ती बरं होण्याची लक्षणं समजू नयेत.

आत काय चाललेलं असतं, त्याच्या तीन अवस्था 1962 साली अमेरिकन थोरॅसिक सोसायटीने मांडल्या. त्या आजही तशाच शिकवतात. पहिल्या काही दिवसांत पाणी पातळ, पिवळसर, बहुधा जंतूंविना असतं. न्यूमोनियाची औषधं वेळेवर आणि नेमकी मिळाली तर ते आपोआप जिरतं. मग जंतू आत येतात, त्यांच्यामागे पांढऱ्या पेशी येतात, द्रव दाट होतो आणि फायब्रिन नावाच्या प्रथिनाचे धागे जागोजागी पडदे विणतात. आता एकच मोठं डबकं राहत नाही, कप्पे होतात. एका कप्प्यात घातलेल्या नळीने दुसऱ्यातला पू येत नाही. साधारण दोन-तीन आठवडे उलटले की तिसरी अवस्था लागते. फुप्फुसाभोवती जाड, चिवट साल धरते. संत्र्यावर साल असते तशीच, फक्त ही आतल्या फोडींना फुलूच देत नाही. पू सगळा काढला तरी फुप्फुस आक्रसलेलंच राहतं.

‘एवढी भारी इंजेक्शनं चालू आहेत, मग नळी कशाला?’ हा नातेवाइकांचा नेहमीचा प्रश्न, आणि रास्तही आहे. बरीचशी औषधं रक्तातून त्या पाण्यात पोचतात, पण पुवात त्यांची ताकद चालत नाही. जंतू आणि पांढऱ्या पेशी मिळून तिथली साखर खाऊन टाकतात, आम्ल सोडतात. प्राणवायू संपतो. अशा ठिकाणी जंतूंची वाढ मंदावते, आणि पुष्कळ अँटिबायोटिकं वाढत्या जंतूंनाच मारू शकतात. जेंटामायसिन, अमिकासिन यांसारखी औषधं तर आम्लात जवळपास निकामी होतात. पू कुठेही साचला तरी त्याला वाट करून द्यावी लागते, गळू असो की छाती.

सुईने काढलेल्या पाण्याची तपासणीही हेच मोजते. रक्ताचा पीएच 7.4 च्या आसपास असतो; हा आकडा जितका खाली, तितकं आम्ल जास्त. छातीतल्या पाण्याचा 7.2 च्या खाली गेला, साखर घसरली, एलडीएच नावाचं एन्झाइम हजाराच्या वर चढलं, तर ते नुसतं औषधांनी जिरणार नाही असं डॉक्टर धरतात. सिरिंजमध्ये पूच आला तर बाकी आकड्यांची वाट बघायचं कारणच उरत नाही. सुई घालण्याआधी सोनोग्राफी करून घेतात. पाणी नेमकं कुठे आहे आणि त्यात जाळी पडली आहे का, हे त्यात एक्स-रेपेक्षा कितीतरी चांगलं दिसतं. कल्चरच्या, म्हणजे पाण्यातले जंतू वाढवून बघण्याच्या, रिपोर्टवर मात्र फार भिस्त ठेवू नका. दहापैकी चारेक पेशंटांत त्यात काहीच उगवत नाही, याचा अर्थ जंतू नाहीत असा नव्हे.

इथे थोडा इतिहास सांगावासा वाटतो, कारण ‘आज कितवा दिवस’ या प्रश्नाचं मोल त्यातूनच कळतं. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, 1918 मध्ये, अमेरिकेतल्या लष्करी छावण्यांत न्यूमोनियाची आणि त्यामागून फ्लूची साथ आली. जवानांच्या छातीत पू व्हायचा आणि सर्जन रीतीप्रमाणे बरगडीचा तुकडा काढून छाती उघडी करायचे. सरासरी तीस टक्क्यांच्या घरात जवान दगावत. चौकशीसाठी नेमलेल्या आयोगात एव्हार्ट्स ग्रॅहम नावाचे तरुण सर्जन होते. त्यांच्या ध्यानात आलं की शस्त्रक्रिया घाईने होतेय. द्रव पातळ असताना, आवरणं अजून एकमेकांना चिकटलेली नसताना छाती उघडली की बाहेरची हवा आत शिरते, फुप्फुस कोसळतं आणि श्वास लागलेला माणूस जातो. सुरुवातीला हवाबंद पद्धतीने पू काढा, छाती उघडायची तर नंतर, आणि पेशंटला पोटभर खायला घाला, एवढ्या बदलाने मृत्यूचं प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास आलं. तेव्हा अँटिबायोटिकं नव्हतीच. पेनिसिलिनचा शोधही दहा वर्षं लांब होता. योगायोग असा की आधुनिक वैद्यकशिक्षणाचे एक शिल्पकार विल्यम ऑस्लर 1919 च्या डिसेंबरात याच एम्पायमाने गेले.

हवाबंद नळीची ती युक्ती जर्मनीतल्या गोट्हार्ड ब्यूलाव यांची, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली. आज मिरजेच्या वॉर्डात कॉटखाली ठेवलेली बाटली म्हणजे तीच. काखेच्या खालची जागा बधिर करतात आणि बरगडीच्या वरच्या काठावरून नळी आत सरकवतात, कारण खालच्या काठाशी रक्तवाहिन्या आणि नस असते. नळीचं दुसरं टोक बाटलीतल्या पाण्यात बुडालेलं असतं. आतला पू आणि हवा पाण्यातून बाहेर पडतात, पण बाहेरची हवा उलट छातीत जाऊ शकत नाही. श्वासाबरोबर नळीतलं पाणी वर-खाली हलतं. हलतंय तोवर वाट मोकळी आहे असं समजायचं. हलायचं थांबलं तर नळी तुंबली, दुमडली, नाहीतर फुप्फुस पूर्ण फुललं. यातलं काय, ते सिस्टरला बोलावून विचारायचं. बाटली छातीच्या खालीच राहिली पाहिजे. भेटायला आलेल्या पाहुण्याने ती सहज उचलून टेबलावर ठेवली, हे घडतं. पू निघताना खोकल्याची उबळ येते, ती दबलेलं फुप्फुस उघडत असल्याची असते. नळी आहे म्हणून पडून राहायचं नसतं. बाटली हातात खाली धरून वॉर्डात चालायचं आणि तीन चेंडूंच्या स्पायरोमीटरने श्वास ओढायचा. दुखतं म्हणून कोणी चेंडू उचलत नाही, त्यावर उपाय म्हणजे वेदनाशामक मागून घेणं. सोसण्यात इथे काही शौर्य नाही.

आपले बागायतदार दवाखान्यात आले तोवर पंधरा दिवस झाले होते, म्हणजे जाळी पडलेली. अशा वेळी नळीतून गाठी विरघळवणारं औषध सोडतात. 2005 साली ब्रिटनमध्ये साडेचारशेवर पेशंटांवर झालेल्या चाचणीत अशाच एका औषधाचा, एकट्या स्ट्रेप्टोकायनेजचा, ना मृत्यूंवर, ना शस्त्रक्रियांच्या संख्येवर परिणाम दिसला. 2011 च्या पुढच्या चाचणीत टीपीए आणि डीएनेज ही जोडी वापरली. एक धागे तोडतं, दुसरं मेलेल्या पेशींच्या डीएनएमुळे आलेला पुवाचा चिकटपणा कमी करतं. ही जोडी चालली. एकेकटी दोन्हीही नाही चालली. तेवढ्याने भागलं नाही तर दुर्बिणीतून, म्हणजे व्हॅट्सने, पडदे तोडून छाती साफ करतात. साल धरली असेल तर ती सोलून काढायची मोठी शस्त्रक्रिया, डीकॉर्टिकेशन. दिवस जितके दवडाल तितकं ऑपरेशन मोठं होत जातं. खर्चही वाढतो, म्हणून जनआरोग्य योजनेत बसतं का, हे पहिल्याच दिवशी काउंटरवर विचारावं.

आपल्याकडे छातीत पाणी म्हटलं की टीबीची शंका येणारच, यायलाच हवी. वानलेसवाडीला क्षयाच्या सॅनेटोरियमचा इतिहास आहे, सांगलीकरांना हे वेगळं सांगायला नको. पण पाण्यातलं एडीए नावाचं एन्झाइम वाढलंय एवढ्यावर टीबी ठरवणं बरं नव्हे, कारण साध्या जंतूंच्या पुवातही एडीए बरंच चढतं. त्या पाण्यात कोणत्या पेशी जास्त आहेत, टीबीच्या जंतूंचा डीएनए शोधणारी सीबीनॅट तपासणी काय म्हणते, गरज पडली तर आवरणाचा तुकडा काय सांगतो, हे सगळं बघून ठरवायचं. टीबी निघाला तर निदान आणि गोळ्या सरकारी दवाखान्यात मोफत आहेत.

हळदीच्या दुधाचंही बोलून घेऊ. सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि मला तिचा पुरेपूर अभिमान आहे. दूध प्या, बागायतदारांसारखा मधुमेह असेल तर साखर न घालता. पण बरगड्यांआडच्या अर्धा लिटर पुवावर ते चालत नाही. प्रथिनं मात्र भरपूर लागतात, पुवाबरोबर ती रोज वाहून जात असतात. अंडी, डाळी, मटकी, चालत असेल तर मटण. ‘छातीचं दुखणं, दही-केळी बंद’ हे पथ्य भुकेल्या पेशंटला आणखी खंगवतं. साखर ताब्यात ठेवायला काही दिवस इन्सुलिन घ्यावं लागलं तर कुरकुर करू नका.

तोंडाकडेही बघा. एम्पायमाचे बरेच जंतू किडलेल्या दातांतून आणि सुजलेल्या हिरड्यांतून येतात, झोपेत किंवा दारूच्या अमलात लाळेबरोबर फुप्फुसात उतरतात. मिश्रीने दात साफ होतात अशी समजूत अजून घरोघरी आहे. मिश्री तंबाखूच असते.

ताप गेला, एक्स-रेत फुप्फुस फुललेलं दिसलं आणि नळीतून येणारा द्रव दिवसाला शंभरएक मिलिलिटरच्या आत आला, की बहुतेक डॉक्टर नळी काढतात. अँटिबायोटिकं मात्र एकूण तीन ते सहा आठवडे चालतात, मधेच बरं वाटलं तरी. एक्स-रेवरची सावली विरायला महिने लागतात, कोपऱ्यात थोडं जाड आवरण कायमचंही राहतं, त्याला घाबरायचं नाही. जुन्या फिल्मा जपून ठेवा, पुढच्या डॉक्टरला त्या दाखवल्या तर नवी सुई वाचते. नळीच्या जागी काही आठवडे झिणझिण्या येतात. पाठीवरचा फवारणी पंप केव्हा उचलायचा ते सर्जनना विचारूनच ठरवा, आणि घरी गेल्यावर पुन्हा थंडी-ताप आला तर गावातल्या सलाइनीत दिवस न घालवता नळी घातलेल्या दवाखान्यातच परत जा.