वनस्पती जननद्रव्य : संशोधनविषयक आंतरराष्ट्रीय नियम

पिकांचे बियाणे, कंद, कलमे आणि त्या पिकांचे रानटी भाऊबंद यांच्यातील आनुवंशिक सामग्रीला वनस्पती जननद्रव्य म्हणतात. एका देशात गोळा केलेले जननद्रव्य दुसऱ्या देशातील संशोधकाने कोणत्या अटींवर घ्यावे, त्यावर कोणते हक्क सांगता येतात आणि त्यातून पैसा मिळाल्यास तो कोणाकडे वळावा, हे मुख्यतः तीन आंतरराष्ट्रीय दस्तऐवजांवरून ठरते : जैवविविधता करार (१९९२), अन्न व शेतीसाठीच्या वनस्पती आनुवंशिक साधनसंपत्तीचा करार (२००१) आणि नागोया प्रोटोकॉल (२०१०). यांपैकी दुसऱ्याला पुढे ‘बियाणे करार’ असे म्हटले आहे, कारण पीक-संशोधकाचा रोजचा संबंध त्याच्याशीच येतो.

नियम नव्हते तेव्हाही देवाणघेवाण होतच होती. १९७०च्या सुमारास आग्नेय आशियातील भाताला ग्रासी स्टंट या विषाणूजन्य रोगाने ग्रासले होते. फिलिपीन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने हजारो नमुने तपासले, तेव्हा पक्का प्रतिकार उत्तर प्रदेशातून आलेल्या ओरायझा निव्हारा या रानभाताच्या एका नमुन्यात आढळला. त्याच्या संकरातून आयआर-३६ सारखे वाण निघाले आणि आशियाभर पेरले गेले. १९८३मध्ये अन्न व कृषी संघटनेने स्वीकारलेल्या, बंधनकारक नसलेल्या ठरावात अशी सामग्री मानवजातीचा वारसा म्हणून सर्वांना खुली असावी असे म्हटले होते. परंतु बियाणे खुले आणि त्यापासून तयार झालेले वाण मात्र हक्कांनी बंदिस्त, ही विसंगती विकसनशील देशांना खटकत राहिली, आणि ते रास्तही होते.

जैवविविधता कराराने पारडे दुसरीकडे झुकवले. २९ डिसेंबर १९९३ रोजी अमलात आलेल्या या कराराच्या पंधराव्या कलमानुसार आनुवंशिक साधनसंपत्तीवर त्या त्या राष्ट्राचा सार्वभौम हक्क आहे. ती घेण्यासाठी पूर्वसूचित संमती (म्हणजे हेतू आधी सांगून घेतलेली परवानगी) आणि परस्परांना मान्य अटी लागतात. नागोया प्रोटोकॉलने (अंमल १२ ऑक्टोबर २०१४) या तत्त्वाला कार्यपद्धती दिली आणि सामग्री वापरणाऱ्या देशांवरही देखरेखीची जबाबदारी टाकली. औषधी वनस्पतीच्या संशोधनात, जिथे एक देश, एक वनस्पती आणि एक कंपनी असा मामला असतो, ही पद्धत चालून जाते. पिकांच्या बाबतीत ती अडते. गव्हाच्या एखाद्या आधुनिक वाणाच्या वंशावळीत अनेक देशांतील डझनावारी वाण असतात आणि प्रत्येकासाठी स्वतंत्र वाटाघाट करणे कोणत्याही पैदासकाराला, म्हणजे नवे वाण तयार करणाऱ्याला, परवडणारे नाही.

ही अडचण ओळखून ३ नोव्हेंबर २००१ रोजी रोम येथे बियाणे करार स्वीकारला गेला. तो २९ जून २००४ रोजी अमलात आला असून आज दीडशेहून अधिक सदस्य त्यात आहेत. या कराराने एक सामाईक साठा, म्हणजे बहुपक्षीय प्रणाली, निर्माण केली. या साठ्यात कोणती पिके येतात ते परिशिष्टाने ठरते; मूळ करारातील पहिल्या परिशिष्टात ३५ अन्नपिके किंवा पीकगट आणि २९ चारा-प्रजाती आहेत. ही यादी शास्त्रापेक्षा वाटाघाटींतून घडली आहे. ज्वारी, बाजरी, नाचणी, तूर, हरभरा, भात, वांगे यादीत आहेत. सोयाबीन, भुईमूग, ऊस, कांदा, टोमॅटो आणि कापूस नाहीत. महाराष्ट्रातील शेतकऱ्याच्या एकाच शिवारात तूर आणि सोयाबीन शेजारी उभे असतात, पण त्यांच्या जननद्रव्याला लागू होणारे नियम वेगळे आहेत. मात्र आंतरराष्ट्रीय कृषी संशोधन केंद्रांच्या जनुकपेढ्या यादीबाहेरच्या पिकांचे आपल्याकडील नमुनेही त्याच अटींवर देतात; हैदराबादजवळच्या पाटणचेरू येथील इक्रिसॅटचा भुईमूग त्यांपैकीच.

प्रत्यक्ष व्यवहार प्रमाणित साहित्य-हस्तांतरण करारनाम्यावर चालतो. त्याचा मसुदा २००६मध्ये ठरला आणि तो सर्वांसाठी एकच आहे. घासाघीस करायची नसते. सही करून तो स्वीकारता येतो, संगणकावर कळ दाबून स्वीकारता येतो, किंवा बियाण्याच्या पाकिटासोबत करारनामा असेल तर पाकीट उघडून बियाणे वापरले की स्वीकृती झाली असे धरतात. मिळालेले बियाणे अन्न व शेतीसाठीचे संशोधन, पैदास आणि प्रशिक्षण यांकरिताच वापरायचे असते. औषधनिर्मिती किंवा अन्नेतर औद्योगिक वापर त्यात बसत नाही. ते तिसऱ्या व्यक्तीला द्यायचे झाल्यास त्याच करारनाम्याखाली द्यावे लागते. पीक-आरोग्य प्रमाणपत्र आणि विलग्नवासाचे (क्वारंटाइनचे) नियम यांतून मात्र सुटका नाही.

पैशाची अट पहिल्या वाचनात लक्षात येत नाही. नवे वाण विक्रीस आले आणि पेटंटसारख्या हक्कामुळे ते इतरांना पुढील संशोधनासाठी खुले राहिले नाही, तर विक्रीच्या १.१ टक्क्यातून ३० टक्के वजा करून, म्हणजे ०.७७ टक्के, रोमच्या लाभ-वाटणी निधीत भरणे सक्तीचे आहे. वाण खुले राहिले तर भरणा ऐच्छिक असतो. वाण-संरक्षण कायद्यांत संरक्षित वाण नव्या पैदाशीसाठी वापरण्याची पैदासकारांना सहसा सूट असते, त्यामुळे बहुतेक वाणे या सक्तीतून निसटतात. शिवाय एक वाण तयार व्हायला दहा-बारा वर्षे सहज जातात. विक्रीवर आधारलेला पहिला भरणा एका डच बियाणे कंपनीकडून, भाजीपाल्याच्या वाणांपोटी, २०१८मध्ये आला. सामग्री मिळवून देण्यात करार यशस्वी ठरला, वाटा मिळवून देण्यात नाही, असे म्हणणे भाग आहे. निधी चालला तो मुख्यतः सरकारांच्या देणग्यांवर.

हक्कसांगणीचा धोका एनोला घेवड्याच्या प्रकरणात उघड झाला. मेक्सिकोतून आणलेल्या पिवळ्या घेवड्यातून निवडलेल्या बियाण्यावर १९९९मध्ये अमेरिकेत पेटंट मिळाले आणि मेक्सिकोतून येणाऱ्या पिवळ्या घेवड्यावर स्वामित्वशुल्काची मागणी सुरू झाली. कोलंबियातील आंतरराष्ट्रीय केंद्राने आपल्या जनुकपेढीतील नमुन्यांच्या आधारे आव्हान दिले, तरीही ते पेटंट न्यायालयात अखेर रद्द ठरायला २००९ उजाडले. बियाणे करारानुसार, प्रणालीतून मिळालेल्या सामग्रीवर ती ‘मिळालेल्या स्वरूपात’ असताना इतरांची वाट अडवणारा हक्क सांगता येत नाही.

भारत बियाणे करारात २००२पासून आहे. जैविक विविधता कायदा, २००२ अन्वये परदेशी व्यक्ती व संस्थांना चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची पूर्वपरवानगी लागते. परंतु डिसेंबर २०१४च्या अधिसूचनेने परिशिष्टातील पिकांना, कराराच्या कामापुरती, त्यातून सूट दिली. संशोधनासाठी बियाणे आयात करण्याचा परवाना नवी दिल्लीतील राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्युरो देतो. त्याचे एक प्रादेशिक केंद्र अकोल्याला आहे. शेतकऱ्यांच्या हक्कांचे नववे कलम कराराने राष्ट्रांवर सोपवले. भारताने ते २००१च्या वाण-संरक्षण कायद्यात आणले आणि संरक्षित वाणाचे बियाणेही, ब्रँडचे नाव न लावता, जपण्याची, पेरण्याची व विकण्याची मुभा शेतकऱ्याला दिली.

सध्याचा वाद डिजिटल अनुक्रम-माहितीचा आहे. जनुकांचा क्रम संगणकावर मिळत असेल तर पाकीटही लागत नाही आणि करारनामाही. जैवविविधता कराराच्या पक्षांनी यासाठी वेगळा निधी उभारण्याचे ठरवले आणि फेब्रुवारी २०२५मध्ये ‘काली निधी’ सुरू झाला. त्यात कंपन्यांनी पैसे भरणे ऐच्छिक ठेवले आहे.