एकवीस हा आकडा आला कुठून? अमेरिकेतल्या दारूच्या वयाची पार्श्वभूमी

अमेरिकेत अठराव्या वर्षी मतदान करता येतं, सैन्यात जाता येतं आणि बहुतेक राज्यांत कुणालाही न विचारता लग्न करता येतं किंवा कर्जाच्या कागदावर सही करता येते. बिअरची बाटली विकत घ्यायला मात्र एकवीस पूर्ण व्हावी लागतात. यावर तिथे गेली चाळीस वर्षं वाद चालू आहे. जेवणाच्या टेबलावर आईबाप आणि मुलं भांडतात, निवडणुकीच्या सभेत कुणी ना कुणी हा प्रश्न विचारतो. जवळजवळ प्रत्येकाचं मत एकाच प्रश्नापासून सुरू होतं: अठराव्या वर्षी माणूस खरंच मोठा झालेला असतो का? या कायद्याचा इतिहास वाचताना माझ्या मनात ठसलं ते वेगळंच. वय ठरलं तेव्हा हा प्रश्न कुणी फारसा विचारलाच नव्हता. युद्ध, रस्ते आणि रस्त्यांसाठी मिळणारा पैसा या तीन गोष्टींनी हा आकडा ठरवला.

मुळात २१ हे दारूचं वय नव्हतंच. इंग्लंडच्या जुन्या रूढ कायद्यात माणूस सज्ञान कधी होतो याचं ते उत्तर होतं. चिलखताचं वजन पेलून घोड्यावर बसण्याइतकी ताकद त्या वयात येते म्हणून ते निवडलं, असं सांगितलं जातं. इंग्रज वसाहतींबरोबर हा आकडा अटलांटिक ओलांडून आला आणि मतदान, मालमत्ता, करार या सगळ्याला चिकटून बसला. पुढे १७ जानेवारी १९२० ला देशभर दारूबंदी आली. ५ डिसेंबर १९३३ ला एकविसाव्या घटनादुरुस्तीने ती उठवली. त्या दुरुस्तीच्या दुसऱ्या कलमाने दारूचं नियमन राज्यांच्या हाती दिलं. ते कलम लक्षात ठेवायला हवं, कारण पुढचं सगळं राजकारण त्याच्याभोवती फिरतं. बहुतेक राज्यांनी दारूसाठी २१ वय घेतलं, कारण सज्ञान होण्याचं वय तेच होतं. न्यूयॉर्कने १८ ठेवलं. काही राज्यांनी ३.२ टक्के अल्कोहोलच्या सौम्य बिअरला सवलत दिली. फार खल कुठेच झाला नाही.

या मांडणीला पहिला तडा गेला तो युद्धात. नोव्हेंबर १९४२ मध्ये सक्तीच्या लष्करभरतीचं वय १८ वर आणलं गेलं. त्याच वर्षी वेस्ट व्हर्जिनियाचे लोकप्रतिनिधी जेनिंग्ज रँडॉल्फ यांनी मतदानाचं वयही १८ करण्याची घटनादुरुस्ती मांडली. लढायला चालतो, मग मत द्यायला का नाही, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. १९४३ मध्ये जॉर्जिया राज्याने ते मान्य केलं, पण देशाने मनावर घेतलं नाही. रँडॉल्फ मात्र प्रस्ताव मांडतच राहिले. मधे पिढी उलटली आणि व्हिएतनाम आलं. अठरा-एकोणीस वर्षांची पोरं शवपेट्यांतून परत येऊ लागली तेव्हा जुना युक्तिवाद खोडून काढणं कुणालाच जमेना. २३ मार्च १९७१ ला मतदानाचं वय १८ करणारी सव्विसावी घटनादुरुस्ती काँग्रेसमध्ये, म्हणजे तिथल्या संसदेत, मंजूर झाली आणि १ जुलैला पुरेशा राज्यांची संमतीही मिळाली. शंभर दिवस. अमेरिकेत इतक्या वेगाने दुसरी कुठलीही घटनादुरुस्ती झालेली नाही.

मताचं वय उतरलं तशी त्याच्याबरोबर बांधलेली बाकीची वयंही उतरली. १९७० ते १९७५ या काळात जवळजवळ ३० राज्यांनी दारूचं वय १८, १९ किंवा २० वर आणलं. इथेही दारूचा म्हणून विचार झाला नव्हता. अठरा वर्षांच्या नागरिकाला न्याय द्यायचा होता आणि दारू त्या गाठोड्यात आपोआप आली. हेतू चांगला होता असं मी मानतो. पण त्या गाठोड्यात मोटारगाडीही होती, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. अमेरिकेत सोळाव्या वर्षी परवाना मिळतो. शहराबाहेर गाडीशिवाय पान हलत नाही. घरी परतायची शेवटची बस बहुतेक ठिकाणी नसतेच.

पेनसिल्व्हेनियाने वय २१ वरून कधीच खाली आणलं नाही. शेजारच्या न्यूयॉर्कमध्ये ते १८ होतं. शनिवारी संध्याकाळी सीमेच्या अलीकडची पोरं गाडीत दाटीवाटीने बसून पलीकडे जायची, प्यायची आणि रात्री त्याच रस्त्याने परत यायची. निम्मी राज्यं एका आकड्यावर आणि निम्मी दुसऱ्यावर, त्यामुळे अशा जोड्या देशभर तयार झाल्या होत्या. वर्तमानपत्रांनी आणि आंदोलकांनी त्यांना नाव दिलं: रक्ताच्या सीमा. नाव भडक वाटतं, पण ज्यांच्या घरचं कुणी त्या रस्त्यावर गेलं त्यांना ते भडक वाटलं नसणार. माझं स्वतःचं मत बदललं ते या सीमांबद्दल वाचताना. तोवर मी हक्काच्या बाजूने होतो आणि अठरा वर्षांच्या सैनिकाचा दाखला मला बिनतोड वाटायचा. हक्काच्या त्या चर्चेत परतीचा रस्ता कुठेच नव्हता, हे मला इथे कळलं.

राज्यांनाही ते कळू लागलं होतं. मेनने १९७७ मध्ये वय १८ वरून २० केलं. मिशिगनने १९७२ मध्ये वय उतरवलं होतं. १९७८ मध्ये तिथल्या मतदारांनी थेट राज्याच्या घटनेतच २१ लिहून टाकलं. अभ्यासकांना आयतीच प्रयोगशाळा मिळाली: एका राज्याने वय उतरवलं, दुसऱ्याने चढवलं, शेजारच्याने काहीच केलं नाही. अलेक्झांडर वॅगेनार यांनी मिशिगन आणि मेनचे अपघात तपासले. वय उतरलं की तरुण चालकांचे अपघात वाढतात आणि वय चढलं की कमी होतात, हा निष्कर्ष पुढे पुन्हा पुन्हा निघत गेला.

तरीही आकडेवारीने कायदा होत नाही. कायदा झाला एका आईमुळे. ३ मे १९८० ला कॅलिफोर्नियातल्या फेअर ओक्स इथे कॅरी लाइटनर ही तेरा वर्षांची मुलगी रस्त्याच्या कडेने चालत होती. दारू प्यायलेल्या चालकाने तिला उडवलं आणि न थांबता तो निघून गेला. दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल त्याला आधीही शिक्षा झाल्या होत्या. कॅरीची आई कँडी लाइटनर हिने त्याच वर्षी ‘मदर्स अगेन्स्ट ड्रंक ड्रायव्हर्स’ ही संघटना उभी केली. तोपर्यंत असा अपघात म्हणजे दुर्दैव, अशीच समजूत होती. या बायकांनी मुलांचे फोटो घेऊन कोर्टांत आणि विधिमंडळांत ठाण मांडलं आणि हा गुन्हा आहे हे देशाला मान्य करायला लावलं.

इथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण ती सहसा सांगितली जात नाही. कॅरीला मारणारा चालक चाळिशी ओलांडलेला होता. आणि कॅलिफोर्नियात दारूचं वय १९३३ पासून २१ च होतं. म्हणजे ज्या मृत्यूतून ही चळवळ उभी राहिली तो वयाच्या कायद्याने टळला नसता. चळवळीच्या मागण्या बऱ्याच होत्या: कडक शिक्षा, परवाना रद्द करणं, पीडितांना कोर्टात बोलण्याचा हक्क. देशव्यापी कायद्याच्या रूपात सगळ्यात जलद पदरात पडली ती वयाची मागणी. त्याचं कारण मला राजकीय वाटतं. मध्यमवयीन पिणाऱ्यांना हात लावायचा तर मतदारांना, दारूधंद्याला आणि आमदारांच्या स्वतःच्या सवयींना हात लावावा लागतो. अठरा ते वीस वयाची मुलं मतदानाला फारशी जात नाहीत. शिवाय तीन वर्षांत ती त्या वयातून बाहेर पडतात आणि त्यांचा रागही मागे राहतो.

१९८२ मध्ये अमेरिकेत रस्त्यांवर सुमारे ४४,००० माणसं मेली आणि त्यांतल्या निम्म्याहून जास्त मृत्यूंत दारूचा संबंध होता. त्याच वर्षी रोनाल्ड रेगन यांनी मॅसॅच्युसेट्सचे माजी गव्हर्नर जॉन व्होल्पी यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. १९८३ च्या अखेरीस आलेल्या अहवालात देशभर २१ वय करावं, ही शिफारस होती. अडचण होती ती १९३३ च्या त्या कलमाची. दारू राज्यांच्या अखत्यारीत होती, त्यामुळे केंद्राला सरळ हुकूम काढता येत नव्हता.

मग नाक दाबलं. न्यू जर्सीचे प्रतिनिधी जेम्स हॉवर्ड आणि सिनेटर फ्रँक लॉटेनबर्ग यांनी असा कायदा मांडला की ज्या राज्यात २१ पेक्षा लहान व्यक्तीला दारू विकत घेता येते किंवा चारचौघांत जवळ बाळगता येते, त्याच्या महामार्ग निधीतून पहिल्या वर्षी ५ टक्के आणि दुसऱ्या वर्षी १० टक्के कापले जातील. युक्ती नवी नव्हती. १९६६ मध्ये मोटारसायकलस्वारांच्या हेल्मेटसाठी तीच वापरली होती आणि १९७४ च्या तेलटंचाईत ताशी ५५ मैलांच्या वेगमर्यादेसाठीही. राज्यांच्या अधिकारात केंद्राने ढवळाढवळ करू नये, हे तर रेगन यांचं आयुष्यभराचं राजकारण. त्यांनी सुरुवातीला विरोध केला. पण निवडणुकीचं वर्ष होतं आणि समोर मुलं गमावलेल्या आया होत्या. १७ जुलै १९८४ ला त्यांनी सही केली, कँडी लाइटनर शेजारी उभी असताना.

साउथ डकोटा राज्य कोर्टात गेलं. तिथे एकोणीस वर्षांच्या मुलांना ३.२ टक्क्यांची बिअर मिळत होती. २३ जून १९८७ ला सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन अशा मतांनी केंद्राच्या बाजूने निकाल दिला. सरन्यायाधीश रेन्क्विस्ट यांनी लिहिलं की एवढीशी कपात म्हणजे सक्ती नव्हे, सौम्य प्रोत्साहन आहे. विरोधात मत दिलं ते सँड्रा डे ओ’कॉनर आणि विल्यम ब्रेनन यांनी. एरवी ही दोघं वेगवेगळ्या गोटांतली. ओ’कॉनर यांचा मुद्दा मला आजही टोचतो. त्या म्हणाल्या की रस्ते बांधण्याच्या पैशाशी हे वय नीट जुळत नाही: जी मुलं पिऊन गाडी चालवतच नाहीत त्यांनाही हा नियम अडवतो, आणि पिऊन चालवणाऱ्यांत ही मुलं थोडीच असतात. कायदा म्हणून त्यांचं बरोबर होतं, असं मला वाटतं. पण रक्ताच्या सीमा पुसायच्या तर सगळ्या राज्यांत एकच आकडा हवा होता, आणि तो आणण्याचा दुसरा रस्ता तेव्हा कुणापाशी नव्हता. (२०१२ मध्ये आरोग्यविम्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने याच निकालाचा आधार घेऊन प्रोत्साहन कुठे संपतं आणि कानशिलावर पिस्तूल कुठे लागतं याची रेघ ओढली. दारूच्या वयावरचा खटला असा थेट आरोग्यसेवेपर्यंत पोचला.)

१९८८ मध्ये वायोमिंगने वय वाढवलं आणि नकाशा एकसारखा झाला. लुइझियानाने एक पळवाट ठेवली होती: लहान वयाच्या मुलाने विकत घेणं गुन्हा, पण त्याला विकणं गुन्हा नाही. ती १९९५ पर्यंत टिकली.

आता फायदा किती झाला? राष्ट्रीय महामार्ग सुरक्षा प्रशासनाच्या अंदाजानुसार १९७५ ते २०१७ या काळात वयाच्या कायद्यांमुळे जवळपास ३२,००० जीव वाचले. या अंदाजावर आक्षेपही आहेत. २००९ मध्ये जेफ्री मायरन आणि एलिना टेटेलबॉम या अभ्यासकांनी दाखवलं की परिणाम दिसतो तो मुख्यतः स्वतःहून आधी वय वाढवणाऱ्या राज्यांत. केंद्राच्या दबावाखाली आलेल्या राज्यांत तो फारसा दिसत नाही. शिवाय त्याच काळात सीटबेल्ट सक्तीचे झाले आणि गाड्या सुधारल्या. पण त्याच वर्षी कार्पेंटर आणि डॉबकिन यांचा अभ्यास आला: बरोबर एकविसाव्या वाढदिवसाला मृत्युदर सुमारे ९ टक्क्यांनी उसळी घेतो. एका वाढदिवसाने माणसाचं दुसरं काहीच बदलत नाही, फक्त दुकानाचं दार उघडतं. त्यामुळे हा पुरावा मला अधिक वजनदार वाटतो.

महाविद्यालयांना मात्र या कायद्याचा जाच झाला, हेही खरं. एकाच वसतिगृहात पिण्याला परवानगी असलेले आणि नसलेले एकत्र राहतात. उघड पिता येत नाही म्हणून खोलीचं दार लावून घाईघाईत भरपूर प्यायचं, ही रीत पडली. दार लावलेलं असलं की कुणी बेशुद्ध पडलं तरी मदतीला हाक मारायची भीती वाटते. २००८ मध्ये मिडलबरी कॉलेजचे माजी अध्यक्ष जॉन मॅकार्डेल यांनी पुढाकार घेतला आणि शंभराहून जास्त महाविद्यालयांच्या अध्यक्षांनी या वयावर पुन्हा खुली चर्चा व्हावी म्हणून सह्या केल्या. आईंच्या संघटनेने लगेच कडाडून विरोध केला आणि काही जणांनी सही मागे घेतली. चर्चा झालीच नाही. वय आहे तिथेच राहावं असं माझं मत आहे, तरी ती चर्चा व्हायला हवी होती.

रोजच्या जगण्यात हा नियम दिसतो तितका घट्टही नाही. केंद्राचा कायदा विकत घेण्याबद्दल आणि चारचौघांत बाळगण्याबद्दल आहे, घरातल्या घोटाबद्दल नाही. विस्कॉन्सिनमध्ये आईवडील सोबत असतील तर मूल हॉटेलातही पिऊ शकतं. पोर्तो रिकोने निधीची कपात सोसून १८ वय कायम ठेवलं. अमेरिकी लष्करी तळांवर साधारणपणे त्या त्या राज्याचं वय लागू होतं, पण मेक्सिको किंवा कॅनडाच्या सीमेपासून ५० मैलांच्या आत तळ असेल तर तिथल्या अधिकाऱ्याला ते कमी करता येतं. तळावरच्या पोरांनी सीमेपलीकडे पिऊन गाडीने परत येऊ नये, हे त्यामागचं कारण.

२०१४ मध्ये जनमत चाचण्या घेणाऱ्या गॅलप संस्थेने वय १८ करावं का असं विचारलं तेव्हा ७४ टक्के लोक नको म्हणाले. १९७२ मध्ये ज्यांना अठराव्या वर्षी कायद्याने बिअर मिळाली, ते तेव्हा साठीला आले होते.